सहा सेट आणि थोडी हवा

कळमन्याच्या आमच्या कोल्ड स्टोरेजला
हातभर जाडीच्या भिंती,
आत चौदा हजार पोती भिवापुरी मिरची.
मोबाइल दारातच मुका होतो.
म्हणून शेठजींनी आधी सीताबर्डीच्या फुटपाथवरून
सहा वॉकीटॉकी आणले. बिल नाही, पावती नाही,
डब्यावर चिनी अक्षरं आणि दुकानदाराचं वाक्य :
लावा अन् बोला, कोन इचारते?

विचारलं कोणी नाही. बोललं मात्र कोणीतरी.
दिवाळीनंतरच्या एका रात्री गुणवंता पराते
तिसऱ्या चेंबरमधून म्हणाला, गाडी लावू काय,
आणि उत्तर आलं,
लाव बे, पन आधी नवरीची खुर्ची सरकव.

वर्धमाननगरकडचं कुठलं तरी लग्नाचं लॉन
आमच्याच चॅनेलवर राहत होतं.
तिकडे रसमलाई संपली की आम्हाला कळायचं.
इकडे दशरथ साहू खोकला, मिरचीचा तो खोकला,
की तिकडून कोणी म्हणायचं, पानी पाजा रे त्याले.
एकदा तिकडून 'लाइट बंद कर' आलं
आणि आमच्या वॉचमननं अख्खं यार्ड अंधारात घातलं.
रॅम्पवर पाठीवर पोतं घेऊन रूपचंद होता.

त्याच्या पायाचं प्लास्टर निघायच्या आत
मी अर्ज भरला.
मी म्हणजे नीलिमा हेडाऊ, इथली हिशेबनीस.
अर्जात सगळं विचारतात : सेट किती, कोणत्या नंबरचे,
किती वॅटचे, जागा नकाशावर नेमकी कुठे,
आणि कशासाठी बोलणार.
या रकान्यापाशी मी बराच वेळ बसले.
'मालाची ने-आण' लिहिलं.
खोकल्याला रकाना नव्हता.

जुने सेट चालणार नाहीत म्हटल्यावर शेठजी कुरकुरले,
हवेचेबी पैसे?
हवेचेच, म्हटलं. आणि दरवर्षी.

सात महिने. कागद दोनदा परत आले,
एकदा तर आमच्याच पुसट शिक्क्यापायी.
मग दिल्लीहून आमची जागा आली :
दशांश चिन्हापुढे चार आकडे.
घरी माग होता तेव्हा
काठात एकच धागा वेगळ्या रंगाचा जायचा, तेवढी.
शेठजींनी परवाना ताजुद्दीन बाबांच्या तसबिरीशेजारी लावला.

पोरांना मी शिकवलं :
अँटेना घट्ट पिळल्याशिवाय बटण दाबायचं नाही.
दाबा, एक श्वास थांबा, मग बोला,
नाहीतर पहिला शब्द कापला जातो,
'नको उतरवू' मधला 'नको' जातो.
आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं.
थंडीत बॅटरी लवकर मरते, सेट आतल्या खिशात ठेवा.
शिवी नाही.
गानं बी नाही का, मॅडम?
गाणं बी नाही.
आणि बोलून झालं की बटण सोडा. दाबून धराल
तर तुम्ही एकटे, बाकीचे पाचही मुके.
गुणवंताला हेच सर्वांत जड गेलं.

आता चॅनेल स्वच्छ आहे.
हाव. नाही. दोन नंबरचं दार. ओव्हर.
कोणाचं लग्न नाही.

त्या लॉनवर एक म्हातारा आवाज होता.
रात्री एकच्या सुमारास, भांडी वाजायची थांबली की विचारायचा,
सारे जेवले का बे?
आणि बटण सोडून वाट पाहायचा.
दशरथ इकडून म्हणायचा, हाव जी, जेवलो.
डबा न उघडताच.

जुने सेट कपाटात आहेत, बॅटऱ्या काढून,
किल्ली माझ्या पर्समध्ये.
परवा रात्री नव्या सेटवर खरखर झाली,
मग एक श्वास, शिकवला तेवढाच.
मॅडम, दशरथ. सारे जेवले का? ओव्हर.

मी नोंदवहीत वेळ लिहिली, एक वाजून चार मिनिटं.
काम : मालाची ने-आण.
चेंबरांमधून एकेक 'हाव' येत होता,
रूपचंदचा सगळ्यात शेवटी.
मग मी माझा डबा उघडला.